एक आकडा चुकला, तर बाकीच्या नवांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. मामांच्या दुकानासाठी तुम्ही पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम केलाय. वापरणारा एका ओळीत आठ-दहा आकडे टाकतो, प्रोग्रॅम त्यांची बेरीज आणि सरासरी देतो. सगळे आकडे नीट असले की काम होतं, पण एक जरी चुकला तरी प्रोग्रॅम कोसळतो. इझडिजिट (मजकुरात फक्त अंकच आहेत का ते सांगणारं फंक्शन) लावून पाहिलं तर दशांश आणि उणे आकडे अडकले. मग सगळ्याला ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे चूक आली की ती पकडणाऱ्या रचनेत, गुंडाळलं, तर एका चुकीपायी दहाच्या दहा आकडे पुन्हा टाकावे लागतात आणि मामा वैतागतात. तेव्हा योग्य पद्धत कोणती, असं तुम्ही विचारलंय.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. लहान व्यापाऱ्यांना असेच छोटे प्रोग्रॅम करून देते आणि संध्याकाळी मुलांना पायथन शिकवते. हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो, आणि विचारणाऱ्याला नेहमी वाटत असतं की आपली अडचण ‘हा आकडा आहे की नाही, हे कसं ओळखायचं’ ही आहे. ते तर सोपं आहे, पायथन स्वतःच सांगतो. मामा वैतागले ते दुसऱ्याच कारणाने. एक आकडा चुकल्यावर जे नऊ बरोबर होते ते तुम्ही फेकून दिलेत, आणि कुठला चुकला तेही त्यांना सांगितलं नाहीत.

उत्तर कशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकते. समोर माणूस बसून टाइप करत असेल तर चुकलेला आकडा तेवढा परत विचारता येतो. फाइलमधून आकडे येत असतील तर परत विचारायचं कुणाला? आणि व्हॉट्सॲपवरून चिकटवलेली ओळ असेल तर तिच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे असं धरून चालते, बाकी दोन्हींबद्दल ओघात बोलूच.

आधी एक आकडा. दिसण्यावरून त्याची परीक्षा घेऊ नका, सरळ बदलून बघा. इंट (पूर्णांकासाठी) किंवा फ्लोटच्या (दशांशासाठी) हाती मजकूर द्यायचा, जमलं तर आकडा, नाही जमलं तर व्हॅल्यूएरर, म्हणजे ‘ही किंमत चालत नाही’ अशी पायथनची तक्रार. इझडिजिट ‘-५’ ला नाही म्हणतो, ‘४.५’ लाही नाही म्हणतो, आणि वर्गाचं चिन्ह असतं ना, डोक्यावरचा छोटा दोन, त्याला मात्र खुशाल हो म्हणतो. तोच छोटा दोन इंटला दिलात तर व्हॅल्यूएरर. म्हणजे पहारेकऱ्याने आत सोडलेला माणूस घरात शिरताच कोसळला. मग मुलं ठिगळं लावायला लागतात: पहिला टिंब काढून तपास, सुरुवातीचं उणे काढून तपास. चार ठिगळांनंतर आपण फ्लोटच पुन्हा लिहितोय, आणि तोही वाईट, हे लक्षात येतं.

आता इथल्या लोकांच्या कामाची एक गंमत. पायथनच्या इंटला देवनागरी आकडे कळतात. अवतरणात मराठी अंकांत १२३ लिहून इंटला द्या, एकशे तेवीस मिळतील. गुजराती अंकही चालतात. एवढंच काय, एकाच आकड्यात एक अंक मराठी, एक गुजराती आणि एक इंग्रजी असला तरी तो निमूट वाचतो. बडोद्यात ही चैन नव्हे, गरज आहे. फोनचा कीबोर्ड गुजरातीवर राहिला की मेहताजी, म्हणजे दुकानातले हिशोबनीस, त्याच अंकांत वजनं पाठवतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरचा आपला एक बघून एखाद्याला इंग्रजी नऊ वाटेल, पायथनला कधीच वाटणार नाही.

पण यातून एक शिस्त पाळावी लागते. आकडा एकदा बदलला की मूळ मजकूर विसरायचा, पुढे सगळीकडे बदललेलाच वापरायचा. मी एकदा तपासायला इंट वापरलं आणि साठवला मात्र मूळ मजकूर. मराठी अंकांतला १२ आणि इंग्रजी अंकांतला १२ स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, वेगळे. १२ नंबरच्या एकाच गाळ्याची दोन खाती उघडली गेली आणि महिनाअखेरपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

इंट आणखीही बरंच चालवून घेतो. मागेपुढे मोकळी जागा चालते, अधिक चिन्ह चालतं, आणि पायथन ३.६ पासून अंकांच्या मधली अधोरेषाही चालते, म्हणजे ‘१_०००’ हजार म्हणून वाचला जातो. तुम्हाला ते नको असेल तर तेवढं आधी अडवा. मी अडवत नाही, दुकानात अधोरेषा टाइप करणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

फ्लोटपासून मात्र जरा जपून. ‘नॅन’ म्हणजे आकडाच नाही, आणि ‘इन्फ’ म्हणजे अनंत. हे दोन्ही शब्द इंग्रजीत लिहून आले तर फ्लोट त्यांना आकडा मानून घेतो. कोण टाइप करणार असले शब्द, असं वाटेल. हाताने कुणीच नाही. पण पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतला रिकामा खाना स्ट्रिंग करून पुढे ढकलला की तिथे नेमका नॅन लिहिलेला येतो. आणि नॅनची खोड अशी की त्याची कुठल्याही आकड्याशी लहान-मोठी तुलना केली तर उत्तर खोटं येतं. तुम्ही जर लिहिलंत ‘शून्यापेक्षा कमी किंवा दोनशेपेक्षा जास्त असेल तर नाकार’, तर नॅन दोन्ही चाळण्यांतून सुटतो, यादीत जाऊन बसतो आणि शेवटी बेरीजही नॅन होते. उलट लिहिलंत ‘शून्य आणि दोनशेच्या मध्ये असेल तरच घे’, तर नॅन दारातच अडकतो. अट तीच, फक्त मांडणी उलटी. म्हणून मी नेहमी ‘हे असेल तरच घे’ असंच लिहिते. जोडीला मॅथ मॉड्यूलमधलं इझफायनाइट (नॅन आणि अनंत दोन्हींना नाही म्हणणारं) लावलंत तर हेतूही वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतो.

आता ओळीचे तुकडे. सगळ्यात महाग चूक मी इथेच केली आहे.

ओळीचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटला काहीच दिलं नाही तर तो मोकळ्या जागेवर तोडतो, एकाऐवजी तीन स्पेस पडल्या तरी गोंधळत नाही, रिकामे तुकडे देत नाही. स्वल्पविरामावर तोडायला सांगितलंत की तो प्रामाणिकपणे रिकामे तुकडेही देतो. ‘५,,७’ मधून तीन तुकडे निघतात आणि मधला रिकामा असतो. रिकाम्यावर इंट व्हॅल्यूएरर देतो, तो निदान दिसतो तरी.

न दिसणारी चूक अशी. एका अडत्यांसाठी मी बिलांच्या रकमांची बेरीज करणारा प्रोग्रॅम केला होता, स्वल्पविराम टाकून कितीही रकमा द्या. शेठनी एकच रक्कम टाकली: १,२५,०००. सवा लाख. प्रोग्रॅमने तिचे तीन तुकडे केले, एक, पंचवीस आणि तीन शून्यं. तिन्ही इंटला मान्य, तीन शून्यांचा शून्य होतो. बेरीज आली २६. कुठेही लाल अक्षर नाही, एक्सेप्शन नाही, काही नाही. मी नंतर कोड दहा वेळा वाचला तरी मला चूक सापडेना, कारण कोड सांगितलं तेच करत होता. शेवटी शेठच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि ते कसं टाइप करतात ते बघितलं, तेव्हा उलगडलं.

‘मग स्वल्पविराम काढूनच टाकू’ असं मनात आलं असेल तर थांबा. ‘१२,५’ लिहिणाऱ्याला बारा आणि पाच म्हणायचं असेल आणि तुम्ही त्याचे सव्वाशे करून ठेवाल. स्वल्पविराम एक तर दोन आकड्यांमधली भिंत किंवा एकाच आकड्यातला लाख-हजाराचा टप्पा. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही अर्थ ठेवायचे नाहीत. माझा सध्याचा नियम: वजनं असली तर एका ओळीत, मध्ये मोकळी जागा, स्वल्पविराम दिसला की नाकार. रुपये असले तर एका ओळीत एकच रक्कम, आणि मग स्वल्पविराम काढून टाकायला हरकत नाही. हा नियम प्रॉम्प्टमध्ये उदाहरणासकट लिहायचा: ‘वजनं अशी टाका: ४९.५ ५०.२ ४८’. उदाहरण लोक वाचतात, सूचना कुणी वाचत नाही.

इथवर आलो की रचना आपोआप ठरते. एक फंक्शन फक्त एका तुकड्याचं: मजकूर घ्यायचा, आकडा द्यायचा, नाही जमलं तर कारणासकट व्हॅल्यूएरर उठवायचा. दुसरं फंक्शन अख्ख्या ओळीचं. तिसरं माणसाशी बोलणारं, आणि इनपुट आणि प्रिंट फक्त त्यातच. दुसरं खाली मराठीत लिहिते, पायथनचे शब्द तुम्ही त्यांच्या जागी बसवा. फंक्शनची आणि चलांची नावं मराठीत ठेवलीत तरी पायथन ३ ला चालतं, पण राखीव शब्द इंग्रजीच.

ओळ_वाच(ओळ):
    चांगले = रिकामी डिक्शनरी
    चुकलेले = रिकामी यादी
    ओळीच्या प्रत्येक तुकड्यासाठी, क्रमांक १ पासून:
        ट्राय: चांगले[क्रमांक] = आकडा_वाच(तुकडा)
        व्हॅल्यूएरर आला तर: चुकलेले मध्ये (क्रमांक, तुकडा, कारण) घाल
    चांगले आणि चुकलेले, दोन्ही परत दे

ट्राय लूपच्या आत आहे, बाहेर नाही, हे बघा. तुमच्या कोडमध्ये तो बाहेर होता. पहिल्या चुकीला लूपच मोडत होता आणि बरोबरचे आकडेही त्याच्याबरोबर जात होते. चार ओळी आत सरकवल्या की मामांचा अर्धा राग गेला. क्रमांक द्यायला एन्यूमरेट वापरा आणि त्याला एकपासून मोजायला सांगा. दुकानात शून्यावा आकडा नसतो.

डिक्शनरी, म्हणजे क्रमांकाशी आकडा जोडून ठेवणारी रचना, ती का, साधी यादी का नाही? कारण चुकलेला आकडा दुरुस्त होऊन आला की तो आपल्याच जागेवर बसला पाहिजे. सतरावी गोणी सतरावीच राहिली पाहिजे, शेवटी जाऊन बसली तर चिठ्ठीशी ताळा लागत नाही.

आता माणसाशी बोलणारा भाग. मी याला सगळ्यात जास्त वेळ देते, आणि शिकवण्यांत यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो. कांद्याच्या चाळीस गोण्यांची वजनं टाकणारे एक मेहताजी होते, साठीच्या पुढचे. माझा पहिला प्रोग्रॅम त्यांना सांगायचा, ‘चुकीचा इनपुट, पुन्हा प्रयत्न करा’. ते स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, “बेन, आमां कयो खोटो छे?” यातला चुकीचा कुठला? मला उत्तर देता येईना, कारण प्रोग्रॅमलाच ते लक्षात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना स्क्रीनवर असं दिसलं:

४० पैकी ३८ वजनं घेतली.
१७ वं वजन ‘५ओ.२’ वाचता आलं नाही. शून्याऐवजी ओ अक्षर पडलंय का?
३१ वं वजन ‘-४९’ शून्याहून कमी आहे.
१७ वं वजन पुन्हा टाका:

आणि कर्सर तिथेच लुकलुकत. अडतीस वजनांना हात लागला नाही. मेहताजींनी दोन आकडे टाकले आणि चहा मागवला.

त्या संदेशात काय टाइप झालं होतं तेही दाखवलंय, ते मुद्दाम. दाखवताना मजकूर तसाच छापू नका, रिप्र वापरून छापा. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी शून्य रुंदीचं अक्षर येतं. डोळ्याला ‘४८’ दिसतं, इंट मात्र नाही म्हणतो. कारण मोकळी जागा तो कापून टाकतो, पण शून्य रुंदीचं अक्षर त्याच्या लेखी मोकळी जागा नाही. साध्या प्रिंटमध्ये ते दिसणार नाही, रिप्रमध्ये त्याचा सांकेतिक क्रमांक उघडा पडतो. मराठी टायपिंगच्या काही कळफलकांतूनही अक्षरं जोडणारं असं अदृश्य चिन्ह घुसतं, म्हणून आपल्याला ही सवय जास्त हवी.

आकडा आहे, पण पटण्यासारखा आहे का, हा वेगळा प्रश्न. माझ्याकडे दोन कुंपणं असतात. शून्य किंवा उणे वजन, अथवा दोनशे किलोच्या वरची गोणी, हे अशक्य, म्हणून सरळ नकार. तीस ते सत्तरच्या बाहेर असेल तर शक्य आहे पण विचित्र, म्हणून विचारायचं, ‘२०.५ किलो, बरोबर आहे का?’. ५०.२ मधला टिंब राहिला की ५०२ होतात, ते पहिल्या कुंपणात अडकतात. अर्धी भरलेली गोणी मात्र खरीच असते, तिला नाकारलंत तर मेहताजी खोटं वजन टाकून पुढे जातील. कडक तपासणीने लोक खोटं बोलायला शिकतात, हे मी स्वतः बघितलंय. हे आकडे कांद्याच्या गोणीचे. मामांचा माल कुठला मला माहीत नाही, तेव्हा तुमची कुंपणं त्यांनाच विचारून घाला.

शेवटची तपासणी सगळ्या आकड्यांची मिळून, कारण प्रत्येक आकडा सुटा बरोबर असूनही यादी चुकीची असू शकते. गोण्या चाळीस आणि वजनं एकोणचाळीस आली तर कुठल्याच एका आकड्याकडे बोट दाखवता येत नाही. धर्मकाट्यावरची भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा जड असायलाच हवी. आणि गोण्यांची बेरीज काट्याच्या निव्वळ वजनाच्या आसपास यायला हवी. ‘आसपास’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. दोन बेरजा समसमान आहेत का हे बरोबरीच्या चिन्हाने विचारू नका, फरक किती चालेल ते ठरवून तेवढा बघा. काट्यात आणि गोण्यांत चार-दोन किलो इकडेतिकडे होतातच, तेव्हा मी फरक दाखवते, अडवत नाही.

रुपये-पैशांचा हिशोब असेल तर फ्लोट सोडून डेसिमल (दशांश जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) वापरा. फक्त एक खड्डा लक्षात ठेवा: डेसिमलला वाचता न आलेला मजकूर दिला तर तो व्हॅल्यूएरर देत नाही, इनव्हॅलिडऑपरेशन देतो, आणि ते व्हॅल्यूएररच्या कुळातलं नाही. तुमचा एक्सेप्ट फक्त व्हॅल्यूएररची वाट बघत असेल तर प्रोग्रॅम पहिल्यासारखाच कोसळेल. एका तुकड्याच्या फंक्शनमध्येच ते पकडून त्याचा व्हॅल्यूएरर करा, वरच्या कुणाला फरक कळायचं कारण नाही.

म्हणून सगळंच पकडणारा नुसता एक्सेप्ट लावू का, असं वाटेल. नको. तुमच्या प्रश्नातल्या कोडमध्ये तो आहे, आणि तो व्हाइल ट्रूच्या, म्हणजे आपणहून न थांबणाऱ्या लूपच्या, आत आहे. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडायला बघा, बाहेर पडता येणार नाही, कारण त्याचंही एक्सेप्शन तुम्ही गिळून पुन्हा आकडा विचारताय. इनपुट एखाद्या फाइलकडून येत असेल आणि फाइल संपली तर ईओएफएरर येतो, तोही गिळला की प्रोग्रॅम अनंत काळ ‘चुकीचा इनपुट’ छापत बसतो. आणि स्वतःच्या कोडमध्ये चलाचं नाव चुकलं तरी दोष युजरवर जातो. जुन्या नोट्समध्ये इनपुटभोवती इव्हॅल घालायची युक्ती दिसते, तीही घेऊ नका. इव्हॅल आकडा वाचत नाही, समोरच्याने टाइप केलेलं काहीही चालवतो.

आकडे फाइलमधून येणार असतील तर वरचं पहिलं आणि दुसरं फंक्शन तसंच ठेवा, तिसरं बदला. तिथे अर्धे आकडे घेऊ नका. सगळ्या चुका ओळक्रमांकासकट एकदम दाखवा आणि फाइल परत करा. अडतीस घेऊन ठेवलेत आणि माणसाने दुरुस्त केलेली पूर्ण फाइल पुन्हा दिली, तर तेच अडतीस दुसऱ्यांदा चढतात. माणसासमोर जे सोयीचं, तेच फाइलसमोर नुकसानीचं.

इनपुट वेगळं ठेवायला सांगितलं त्याचा फायदा तपासताना कळेल. एका तुकड्याच्या फंक्शनला कीबोर्ड लागत नाही, त्यामुळे विचित्र मजकुरांची एक यादी करून तिच्यावरून ते पळवता येतं. माझी यादी वर्षानुवर्षं वाढत आलीय: रिकामी स्ट्रिंग, नुसती मोकळी जागा, नुसतं उणे चिन्ह, नुसता टिंब, मराठी अंक, गुजराती अंक, दोन्ही मिसळलेले, डोक्यावरचा छोटा दोन, नॅन, शून्याच्या जागी ओ, शून्य रुंदीचं अक्षर चिकटलेला आकडा, आणि अर्थात १,२५,०००. नवीन दुकानातून नवीन तक्रार आली की आधी ती या यादीत जाते, मग कोडला हात.

तुम्ही आज एवढंच करा: ट्राय लूपच्या आत घ्या, एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर लिहा, क्रमांक जपा. पंधरा मिनिटांचं काम आहे. मग मामांना न सांगता त्यांच्या मागे उभे राहा आणि ते दहा आकडे कसे टाकतात ते बघा. मधे काय टाकतात, स्पेस की स्वल्पविराम की रेघ, ते मला कळवा. तुकडे कसे करायचे ते त्यावर ठरवू.